शेवटचा फॉर्म गेल्यावर

पहाटे ५.२०

घरात घट बसले आहेत, त्यामुळे ही माझ्याआधी उठून नंदादीपाला तेल घालते. मी उठलो की माझंही एक दैवत बघून येतो. स्वयंपाकघरातल्या फडताळात, वरच्या खणात, फुटाण्यांच्या डब्यामागे काचेची एक बरणी आहे. झाकण उघडायचं नाही, बाहेरूनच बघायचं. आत एक चिरूट आडवा पडलेला असतो, आणि त्याच्या शेजारी रुपयाएवढ्या तबकडीचं आर्द्रतामापक. काटा ६५ ते ७० टक्क्यांच्या मध्ये हवा. आज ६७. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुण्याची हवा पापडासारखी कोरडी होते, म्हणून आठवड्यातून दोनदा हे दर्शन घ्यावं लागतं.

बरणी पूर्वी लिंबाच्या लोणच्याची होती. पहिल्या वर्षी चार वेळा घासूनही चिरुटाला हिंगाचा वास लागला होता. ओढला तरी. टाकवत कसा?

वर्षातून एक. दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म छापून मशीनवरून उतरायला लागला, त्या रात्री. आज तो दिवस आहे असं संपादकबाई म्हणतात. गेल्या शुक्रवारीही त्या हेच म्हणाल्या होत्या.

सकाळी ७.००

जेवणाच्या टेबलावर अनुक्रमणिकेचं प्रूफ. डोळे ताजे असतात तेव्हा अनुक्रमणिका वाचावी, कारण तिथली चूक शेजारीपाजारीसुद्धा दाखवतात. मी मुद्रितशोधक. सव्वीस वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्हाला सगळे शब्द येतात. आम्हाला फक्त शंका येतात.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १८. त्यातले चौदा १९६२ चे, बाकीचे ४ १९७२ साली आले. मला विचाराल तर त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एकच भानगड मुद्रितशोधकांची घरं चालवते. तत्सम सोडून इतर शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, आणि शब्दाला प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व. विहीर, पण विहिरीत. बहीण, पण बहिणीला. चिरूट, पण चिरुटाला. शिकलेली माणसंही यात पडतात, आणि आम्ही दोरी घेऊन काठावर उभे.

चिरूट हा शब्द मूळचा तमिळ. ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलचे चिरूट एके काळी थेट विलायतेत जात. शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये, होम्स जमिनीवर पडलेली राख बघून सांगतो की खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता. राखेवरून! आणि इथे आमच्या डोळ्यांखालून अख्खा अनुस्वार निसटतो.

माझ्या बरणीतला मात्र क्यूबाचा असतो. भाचा जहाजावर इंजिनियर आहे, घरी येताना कुठल्यातरी विमानतळावरून माझ्यासाठी एक आणतो. एकच आण, असं मीच सांगितलंय. दोन आणले तर दुसऱ्यासाठी निमित्त शोधावं लागेल, आणि निमित्तं मला फार लवकर सापडतात.

सकाळी ९.४०

कार्यालय शनिवार पेठेत, पहिल्या मजल्यावर. जिन्यातच जुन्या अंकांचे गठ्ठे. यातले वरचे दोन परवा उचलले तर कागदांतून बारीक पीठ गळलं आणि एक तांबूस, तिळाएवढा किडा टुणकन उठला. मी त्याला ओळखतो. त्याचं नावच तंबाखूचा किडा. कोठारातल्या तंबाखूत तो राहतो, चिरुटाला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतो, आणि तंबाखू नसेल तिथे हळद-मिरची, पुस्तकांची बांधणी, त्यातली खळ, काहीही खातो. माझी दोन्ही प्रेमं एकाच किड्याच्या ताटात आहेत. भाच्याने दिलेला चिरूट मी आधी तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो, म्हणजे आतली अंडी मरतात. अंकाला तशी सोय नाही.

अंक २०८ पानांचा, १६ पानी १३ फॉर्म. बारा छापून झाले. राहिलाय तो पहिला फॉर्म. संपादकीय, अनुक्रमणिका, जाहिराती. जे पहिलं वाचलं जातं ते शेवटी छापलं जातं.

सकाळी ११.००

कॉपी धरायला एम. ए. करणारी एक मुलगी येते. ती मूळ मजकूर मोठ्याने वाचते, मी प्रूफावर पेन फिरवतो. आता ही पद्धत फारशी कुणी ठेवलेली नाही. पैसे वाचवायचे तर पहिली गच्छंती कॉपी धरणाऱ्याची. मी हट्टाने ठेवली आहे. “स्वल्पविराम. एकेरी अवतरण सुरू. पूर्णविराम. अवतरण बंद. काका, ‘तज्ज्ञ’मध्ये दोन ज आहेत ना तुमच्याकडे?”

आहेत.

ऐकत वाचलं की गाळलेला शब्द हमखास सापडतो, उडालेली ओळ सापडते, दोनदा पडलेला परिच्छेद सापडतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला कळत नाही. ‘आशीर्वाद’ आणि ‘आशिर्वाद’ ती सारख्याच मायेने वाचते. ते काम डोळ्यांचं, म्हणजे माझं.

वाचता वाचता आवाजाची एक लय लागते. खिडकीतून खालच्या रिक्षांचा कलकलाट येत असतो, तरी खोलीत शांतता वाटते. एक जण वाचतोय आणि दुसऱ्याचे हात चालू आहेत, यात काहीतरी फार जुनं सुख आहे. त्याबद्दल पुढे सांगतो. आत्ता अग्रलेखात ‘उज्ज्वल’चा एक ज खाल्लाय.

दुपारी १.३०

डबा. आमचा डीटीपी ऑपरेटर जेवण झालं की तळहातावर तंबाखू घेतो, चुना लावतो, अंगठ्याने मळतो, फटका मारून धूळ उडवतो आणि गालात ठेवतो. दिवसातून पंधरा-वीस वेळा.

“काका, आज तुमची उदबत्ती का?”

उदबत्ती हा आमच्या हिचा शब्द. तो इथपर्यंत कसा पोचला देव जाणे.

त्याला मी उपदेश करत नाही. अकबराच्या दरबारातसुद्धा तंबाखू आमच्याच दख्खनमधून गेली. असद बेग नावाच्या त्याच्या सरदाराने ती विजापूरहून, रत्नजडित चिलमीसकट नेली होती. तेव्हाही हकीम नको नको म्हणत होते. मी वर्षातून एकदा आणि हा दिवसातून वीसदा, पण त्यामुळे मी साधू होत नाही. ‘चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत, त्यामुळे त्याने काही होत नाही,’ असं छातीठोक सांगणारे लोक मला भेटतात. चुकीचं आहे. चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो, निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग चिरूट ओढणाऱ्यांना ओळखतो. मोठ्या आकाराच्या एका चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू बसते. हे सगळं माहीत असून मी वर्षातून एक ओढतो. दोन ओढत नाही. यापलीकडे माझ्याकडे बचाव नाही.

दुपारी ३.१५

एका सराफाची पूर्ण पानाची जाहिरात यायची आहे. ती येत नाही. जाहिरात आल्याशिवाय फॉर्म बंद होत नाही.

या वेळेची मला भीती वाटते, कारण अशाच एका दुपारी माझ्या हातून पाप घडलं होतं. नऊ वर्षं झाली. तेव्हा मी दुसऱ्या एका अंकाचं काम करायचो. सगळे फॉर्म गेले होते, फक्त मुखपृष्ठ उरलं होतं. मुखपृष्ठावर काय, नाव, वर्ष, चित्र. म्हटलं, हे काय बघायचं? संध्याकाळी सहालाच गच्चीवर गेलो, चिरूट पेटवला, आणि अर्धा झाला असताना खालून निरोप आला: छापून आलेलं पहिलं मुखपृष्ठ बघून जा. गेलो. त्यावर दोन इंची अक्षरांत ‘दिपावली’. पहिली दि, सबंध महाराष्ट्रासमोर. पाच हजार मुखपृष्ठं.

तेव्हापासून नियम. मशीनवरचा पहिला कागद बघून सही केल्याशिवाय काडी ओढायची नाही.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. शंभरावर वर्षं दर ऑक्टोबरात कुणीतरी असाच जाहिरातीची वाट बघत बसलेला असणार.

संध्याकाळी ५.३०

जाहिरात आली. ‘शुभ दिपावली’. मी हसलो, दुरुस्त केली, आणि घड्याळाकडे बघितलं.

हवाना आपल्यापेक्षा सध्या साडेनऊ तास मागे आहे. म्हणजे तिथे आता सकाळचे आठ. तिथल्या चिरुटाच्या कारखान्यांत दिवस सुरू झालाय. शाळेच्या बाकांसारख्या रांगा, प्रत्येकापुढे लाकडी फळी, आणि समोर जरा उंच चौथऱ्यावर एक माणूस किंवा बाई, हातात वर्तमानपत्र. तो लेक्तोर, वाचक. सकाळी बातम्या वाचतो, पुढे कादंबरी. कामगार पानं लावत ऐकतात.

ही प्रथा सुरू झाली १८६५ साली, हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात. सातुर्निनो मार्तिनेस नावाचा एक कामगार होता, चिरूट वळायचा, कविता करायचा आणि ‘ला औरोरा’ नावाचं कामगारांचं पत्र काढायचा. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मग आपल्यातल्याच एकाला वाचायला बसवलं, आणि त्याच्या बुडालेल्या कामाचे पैसे बाकीच्यांनी आपल्या मजुरीतून भरले. वर्षभरात स्पॅनिश गव्हर्नरला वास लागला की ही माणसं नुसत्या गोष्टी ऐकत नाहीत, आणि १८६६ मध्ये त्याने वाचनावर बंदी घातली. बंदी टिकली नाही. पुढे हेच कामगार फ्लोरिडातल्या टॅम्पाला गेले, वाचकांना बरोबर घेऊन. तिथल्या मालकांनी १९३१ मध्ये वाचकांना काढलं. नंतर रेडिओ आला. हवानात वाचक अजून आहे.

पुस्तक कोणतं वाचायचं हे कामगार मत देऊन ठरवत. आवडलं की चावेता, म्हणजे पानं कापायचं ते अर्धगोल पातं, फळीवर वाजवत. नाही आवडलं की जमिनीवर आपटत. आमच्या समीक्षकांना हे पातं द्यायला हवं. द्युमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ त्यांच्या फार लाडकी. १९३५ मध्ये निघालेल्या मॉन्टेक्रिस्टो या चिरुटाला नाव त्या कादंबरीवरूनच पडलं. माझ्या बरणीतला तोच आहे, नंबर ४, १२९ मिलिमीटर लांब. कादंबरीचं नाव मिरवणारा हा एकच पदार्थ मी आजवर जाळला आहे.

हवानाच्या कारखान्यात बायका मांडीवर चिरूट वळतात, ही भाकडकथा आमच्या कट्ट्यावर अजून ऐकायला मिळते. मांडीवर पानांची शीर काढतात, पानं निवडतात. वळतात फळीवरच. आत तीन प्रकारची पानं पंख्यासारखी दुमडून घ्यायची, हवा जायला वाट ठेवून. त्याभोवती एक जाड पान. ते साच्यात दाबायचं. मग सगळ्यात वर रेशमासारखं पातळ पान, पीळ देत देत, आणि टोकाला डिंकाने चिकटवलेली टोपी. एक माणूस दिवसाला आकार बघून शंभराच्या आगेमागे करतो. माझी पानं दिवसाला चाळीस.

कॉपी धरणाऱ्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, “काका, मग तुम्ही जा ना तिकडे वाचायला.”

मला अर्ध्या दिवसात घरी पाठवतील. मी प्रत्येक ओळीला थांबतो.

रात्री ८.१०

छापखाना पर्वतीच्या पायथ्याला. प्लेटा चढल्या, मशीन खडखडलं, आणि पहिला मोठा कागद बाहेर आला. मी तो टेबलावर पसरला. आठ पानं सुलटी, आठ उलटी. शाई ओली आहे, बोट लावायचं नाही. पानांचे आकडे बघितले, शीर्षकं बघितली, सराफाचं ‘दीपावली’ तीनदा बघितलं. कोपऱ्यात लिहिलं: छापण्यास हरकत नाही. सही, वेळ.

मशीनवाल्याने विचारलं, “झालं ना साहेब?”

झालं.

रात्री ९.४०

आधी पोटभर जेवण. रिकाम्या पोटी चिरूट ओढला की डोकं गरगरतं, घाम फुटतो. पहिल्या वर्षी मी गच्चीच्या कठड्याला धरून बसलो होतो आणि ही गुळाचा खडा घेऊन धावत आली होती. गूळ आजही खिशात आहे. बरोबर बिनदुधाची कॉफी. लोक रम घेतात म्हणे. घरात घट असताना तो विषय निघत नाही.

घरात ओढायचा नाहीच. गच्ची. टाकीच्या पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, जुनी लोखंडी खुर्ची.

“अहो, वाळत घातलेले कपडे आधी काढा. तुमच्या उदबत्तीचा वास लागतो.” काढले.

टोपीचा जेमतेम दोन मिलिमीटर तुकडा पात्याने उडवायचा. जास्त कापलं तर वरचं पान सुटतं आणि तासभर तोंडात कचरा. पेट्रोलचा लायटर नको, पहिल्या झुरक्याला पेट्रोलच लागतं. काडेपेटी. शिवकाशीची. आमच्या कॅलेंडरांची छपाईही शिवकाशीचीच, हा योगायोग मला दरवर्षी सुचतो आणि दरवर्षी सांगायला कुणी नसतं. भाच्याने एकदा चिरुटाच्या खोक्यातली पातळ लाकडी पट्टी आणून दिली होती, तिचे तुकडे करून ठेवले आहेत. काडीने ती पट्टी पेटवायची, पट्टीने चिरूट. त्या लाकडाला स्पॅनिश सीडार म्हणतात. ते स्पॅनिशही नाही आणि देवदारही नाही. झाड अमेरिकेतलं, कूळ कडुनिंबाचं, आपल्या तुणीचा अगदी सख्खा चुलतभाऊ. जळताना येणारा वास आजोबांच्या कपाटासारखा.

टोक ज्योतीच्या वर धरून फिरवायचं, कडेने सारखं तांबडं होऊ द्यायचं, मग पहिला झुरका. धूर तोंडात ठेवायचा, सोडून द्यायचा. पुढचा झुरका मिनिटभराने. घाई केली की चिरूट तापतो आणि कडू होतो. फार वेळ लावला तर विझतो. विझला तर पुन्हा पेटवायचा, त्यात कमीपणा नाही. राख झटकायची नाही, ती आपण होऊन पडते.

पहिला भाग लाकडासारखा, थोडा कोरडा. मधला सगळ्यात छान. भाजलेलं जिरं, कॉफीच्या तळाचा गाळ, पहिल्या पावसाच्या आधीची माती, असं काहीतरी. चॉकलेट, चामडं, मध अशी यादी करणारे लोक आहेत, त्यांचं मला कौतुक वाटतं आणि थोडी शंका येते. हिंदी सिनेमातल्या सेठने चिरुटाची बदनामी फार केली, तो ओढताना नेहमी उभा असायचा आणि कुणालातरी धमकी द्यायचा. हा बसून, गप्प राहून करायचा उद्योग आहे. हातात फोन नसावा. चाळीस-पन्नास मिनिटं माणूस कुठेच जाऊ शकत नाही, कारण हातातलं जळतंय आणि ते पुन्हा मिळायला एक वर्ष आहे.

खाली कुठेतरी भोंडल्याची गाणी चालली आहेत. हवानात दुपार झाली. तिथला वाचक आता कादंबरीवर आला असेल.

रात्री १०.३५

शेवटचा भाग कडवट होत जातो. बोटांना ऊब लागायला लागली की थांबायचं. चिरूट चिरडायचा नाही, तबकडीत ठेवून द्यायचा, तो आपोआप विझतो.

मी तो ठेवला, आणि तेवढ्यात त्या मुलीचा आवाज कानात आला. पंधरा दिवसांपूर्वी वाचलेली एक कथा. निवृत्त गिरणीमालक, पावसाळी संध्याकाळ. तिने छान वाचलं होतं, मी ऐकत राहिलो होतो. “त्यांनी तोंडातला चिरूट काढला, स्वल्पविराम.” कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. पण पानावरचा तो शब्द आता मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतोय, आणि त्यातला रु पहिला आहे. प्रत्यय नाही, काही नाही, तरी पहिला. तो पाचवा फॉर्म. मंगळवारीच छापून झाला.

खाली येऊन दात घासले, कपडे बादलीत टाकले. हिने विचारलं, “झाली का उदबत्ती?”

पान ७३, खालून चौथी ओळ. अंक हाती आला आणि नजर तिथे गेलीच, तर कृपा करून कळवू नका.